व्हॅलिडेटर बंद पडला तर चालेल, सही दोनदा नको!

व्हॅलिडेटर चालवायचा धंदा सुरू करताय? सर्व्हर किती भारी घ्यायचा ते नंतर बघू. आधी सांगा, सहीची किल्ली कुठे ठेवणार?

कॉसमॉस हबचंच घ्या. नोड उभा केला की किल्लीची फाइल त्याच सर्व्हरवर तयार होते. म्हणजे चेकबुक आणि शिक्का दोन्ही दुकानाच्या काउंटरवर!

वर नवखे लोक आणखी एक चूक करतात. सर्व्हर बंद पडेल या भीतीने तीच किल्ली दुसऱ्या मशीनवरही चालू ठेवतात. हिशोब बघा. बंद पडलात तर दंड ०.०१ टक्का, आणि दुरुस्त करून परत येता येतं. एकाच उंचीच्या दोन वेगळ्या ब्लॉकवर सही झाली तर ५ टक्के कापले जातात आणि व्हॅलिडेटर कायमचा बाद. त्यात तुमच्यावर विश्वास टाकणाऱ्यांचेही पैसे जातात.

म्हणून माझं स्पष्ट मत: किल्ली वेगळ्या मशीनवरच हवी. टीएमकेएमएस हे सॉफ्टवेअर त्या मशीनवरून स्वतः नोडला जोडून घेतं, त्यामुळे बाहेरच्यांसाठी दार उघडं ठेवावं लागत नाही. शेवटची सही कुठे केली तेही ते नोंदवून ठेवतं. बंद पडायची भीती असेल तर हॉरक्रक्स वापरा: किल्लीचे ३ तुकडे ३ मशीनवर, २ जमले तरच सही.

खर्च वाढतो, मान्य. परवडत नसेल तर थोडं थांबा. पण दुसऱ्याचा पैसा घेऊन कुलपात काटकसर करू नका.