सड्यावर झाडं लावू नका, प्लीज

पावसाळा आला की ऑफिसात हमखास एक मेल येते. शनिवारी वृक्षारोपण, बसची सोय, टीशर्ट फुकट, नाश्ता मिळेल. आपण जातो, खड्डा खणतो, रोप लावतो, फोटो काढतो. कल्पना चांगली आहे, माझं भांडण तिच्याशी नाही. भांडण जागेशी आहे. उघडा माळ दिसला की 'इथे काहीच नाही, लावूया झाडं' असं आपल्याला वाटतं ना, तिथेच घोळ होतो.

मिरजोळ्याचं उदाहरण घ्या. रत्नागिरीला लागून असलेलं गाव, बाहेरच्यांना माहीत असतं ते एमआयडीसी आणि विमानतळामुळे. तिथला सडा मे महिन्यात बघाल तर जांभ्याचा काळपट कातळ, करपलेलं गवत आणि चप्पल वितळेल असं ऊन. सातबाऱ्यावर अशा जमिनीला 'पोटखराबा' म्हणतात. पुण्याहून आलेला पाहुणा विचारणारच, "इथे बघायला काय आहे?"

त्याच पाहुण्याला ऑगस्टच्या अखेरीस परत आणा. (छत्री नको, वाऱ्याने उलटी होते. रेनकोट बरा.)

कातळाच्या खळग्यांत जेमतेम बोटभर माती. धो धो पावसाने तिच्यातला कस धुऊन नेलेला, नायट्रोजन जवळपास नाहीच. मग झाडांनी जुगाड केला. दवबिंदू नावाची वीतभर वनस्पती पानांवरच्या चिकट थेंबांत किडे पकडून पचवते. सीतेची आसवं म्हणजे जांभळ्या-निळ्या फुलांचा गालिचा, पण खाली ओल्या मातीत तिचे बारीक फुगे सूक्ष्म जीव आत ओढून घेत असतात. नाव इतकं हळवं आणि धंदा असा :) शेजारी गेंदाची पांढरी बटणं. आणि जूनमध्येच आला असता तर दीपकाडी दिसायचा संभव होता. पांढरं, लांब नळीचं फूल. कांदा वर्षातला बहुतेक काळ जमिनीखाली झोपलेला. ही दीपकाडी कोकण-गोव्याची पट्टी सोडून जगात कुठे सापडत नाही.

बोटॅनिकल गार्डन म्हणजे आणखी काय असतं? इथे फक्त गेट, तिकीट आणि नावाच्या पाट्या नाहीत.

आता इथे वृक्षारोपण करा. कातळात खड्डा म्हणजे ब्रेकर नाहीतर सुरुंग, वर बाहेरून आणलेली माती आणि शेणखत, आणि पुढे सावली. या मंडळींना हवं ते नेमकं उलटं! उघडं ऊन, निकस माती, चार महिने पाणी आणि आठ महिने भट्टी. म्हणजे हिरवळ आणण्याच्या नादात आपण जी होती तीच घालवणार. हापूसच्या कितीतरी बागा अशाच सुरुंग लावून झाल्या आहेत, पण ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांना मी शहाणपण शिकवणार नाही. आपलं तसं नाही, आपण टीशर्टसाठी जातोय.

गंमत म्हणजे याच कातळाला थोडा मान मिळाला तो कातळशिल्पांमुळे. रत्नागिरी तालुक्यातली उक्षी आणि जांभरूणची शिल्पं कोकणातल्या इतर शिल्पांबरोबर २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. चित्रांना किंमत आली, चित्रांशेजारी उगवणाऱ्या गेंदाला अजून यायची आहे.

मोठी झाडंच बघायची असतील तर त्यांच्या जागा आहेत की. पुण्याची एम्प्रेस गार्डन. मुंबईची राणीची बाग, १८६२ पासूनची, तिथे उर्वशी आहे, गोरखचिंच आहे (आपण पेंग्विन बघून परत येतो, ते सोडा). रत्नागिरीतच भाट्याला १९५५ पासून नारळ संशोधन केंद्र आहे. नारळातही बाणवली, प्रताप अशा जाती असतात हे तिथे समोरासमोर कळतं. सकाळी सडा, दुपारी भाट्ये, असा एक दिवस मस्त जातो.

आणि बस भरून रोपं लावायचीच असतील तर वाडीत लावा, शाळेच्या आवारात, रस्त्याकडेला. जांभूळ, वड, कोकम, गावकरी सांगतील ते. सड्यावर रिकाम्या हाताने जा. जमीन बहुतेक कुणाची तरी खाजगी असते, तेव्हा आधी विचारा. नावं सांगणारं कुणीतरी बरोबर घ्या. चालताना पाय कातळावर ठेवा, ओल्या मातीवर नको. सेल्फीसाठी फुलांत बसलात तर मागच्या जागेवर पुढच्या वर्षी काय उगवेल सांगता येत नाही.