आम्हाला सवलत नको, नियम हवा

गेल्या महिन्यात आमच्या मोहल्ल्यातील इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींशी बोलत होतो. कंपनीकडून काय हवे, असे विचारले. उत्तरे चारचौघांसारखीच होती : चांगले पॅकेज, आठवड्यातून दोन दिवस घरून काम, शिकवणारा वरिष्ठ. सगळे उठत असताना एका मुलीने हळूच विचारले, "भाई, बायोडेटावर पूर्ण नाव लिहू, की नुसतं आद्याक्षर?"

आपली खरी मागणी या प्रश्नात आहे.

वडीलधाऱ्यांकडे उत्तर तयार असते. "आडनाव पाटील आहे ना, मग तेच पुढे कर." पाटील, देशमुख, इनामदारांची सोय झाली. शेख, अन्सारी, बागवान यांनी काय करावे? आणि नाव लपवून मिळवलेल्या नोकरीत पुढची तीस वर्षे आणखी काय काय लपवायचे?

ही भीती मनाचे खेळ नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सारख्या पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी खासगी कंपन्यांना पाठवले गेले होते. मुस्लिम नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश निघाली. दलित नावेही मागे पडली. २०१५ मध्ये मुंबईतल्या एका हिरे निर्यातदार कंपनीने तर 'आम्ही फक्त मुस्लिमेतर उमेदवार घेतो' असे एका तरुणाला ई-मेलनेच कळवले. एरवी असे कोणी लिहून देत नाही. फक्त फोन येत नाही.

मीही धुतल्या तांदळाचा नाही. काही वर्षांपूर्वी मुलाखत घेणाऱ्यांत मी होतो. एका मुलाने कोड चोख लिहिला. सहकारी म्हणाला, "टेक्निकली चांगला आहे, पण टीममध्ये मिसळेल असं वाटत नाही." का वाटत नाही, हे मी विचारले नाही. मुलाचे नाव आपल्यातले होते. मी 'आपल्या माणसाची' बाजू घेतो असे कोणाला वाटू नये, म्हणून गप्प बसलो. तो नाकारला गेला.

त्या दिवशी ऑफिसात नमाजाची खोली असती, तरी त्या मुलाचे काही भले झाले नसते. जुम्म्याला तासभर मोकळीक मागण्यात गैर काही नाही. पण ती साहेबाच्या मर्जीवर मिळते आणि मर्जीवरच जाते. त्या मुलाला हवा होता तो लेखी नियम. पहिल्या चाळणीत नाव झाकलेले. सर्वांना सारखे प्रश्न. गुण कशाचे, ते आधी ठरलेले. नकाराचे कारण कागदावर. जाहिरातीतच पगाराचा आकडा. ओळखीच्या रेफरलवर भरती होते तिथे हे अधिकच गरजेचे, कारण आपल्या गल्लीतले कोणी त्या कंपनीत नसतेच.

संविधानाचे कलम १६ सरकारी नोकरीपुरते आहे. खासगी कंपनीने धर्मावरून डावलले, तर दाद मागता येईल असा स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. सच्चर समितीने २००६ मध्ये समान संधी आयोग सुचवला. तो कागदावरच राहिला. पण वाट अनोळखी नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने खासगी आस्थापनांनाही समान संधी धोरण जाहीर करणे बंधनकारक केले. त्याच धोरणात धर्म आणि जात हे दोन शब्द घालायला कंपन्यांना कोणी अडवले आहे?

आणि हाच कागद आपल्या मालकांपुढेही ठेवा. आपल्या समाजाच्या शाळेत, दवाखान्यात, कारखान्यात मुलीला "लग्न कधी?" असे विचारतात, मुलाची बिरादरी विचारतात, पीएफचे नाव काढले की "घरचंच काम आहे" म्हणतात. तिथे गप्प राहून बाहेर न्याय मागणाऱ्याचे कोणी का ऐकावे?

त्या मुलीला मी सांगितले, पूर्ण नाव लिही. मुलाखतीत शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय?" असे म्हणतील, तेव्हा विचार : तुमचे समान संधी धोरण लेखी आहे का, आणि त्यात धर्म आहे का? एकटीने विचारले तर नोकरी जाण्याची धास्ती आहे, हे मला माहीत आहे. म्हणून हा प्रश्न तिच्याबरोबर तिच्या वर्गातल्या सगळ्यांनी, हिंदू मित्रांनीही, विचारायला हवा. आणि टेबलाच्या या बाजूला बसलेल्या माझ्यासारख्यांनी पुढच्या वेळी "का?" एवढे तरी म्हणायला हवे.