मैलांचा हिशेब

चालकाविना धावणारी मोटार सार्वजनिक रस्त्यावर किती सुरक्षित आहे, हे सांगताना सर्वांत आधी पुढे केला जातो तो तिने कापलेल्या मैलांचा आकडा. बातम्यांतही तोच मिरवत असतो. हा पुरावा तोकडा आहे. अमेरिकेत माणसे चालवतात त्या गाड्यांमुळे साधारण १० कोटी मैलांमागे एक मृत्यू होतो. यंत्र याहून वाईट नाही, एवढेच ९५ टक्के खात्रीने दाखवायचे तरी, रँड संस्थेच्या २०१६ च्या गणितानुसार, २७.५ कोटी मैल एकही बळी न जाता पार पडावे लागतात. शंभर गाड्या अहोरात्र धावल्या तरी याला साधारण साडेबारा वर्षे लागतात. तेवढ्यात सॉफ्टवेअर कितीदा तरी बदलते; मग जुने मैल कोणत्या चालकाच्या खात्यावर मांडायचे?

ॲरिझोनातील टेंपी येथे १८ मार्च २०१८ च्या रात्री उबरच्या चाचणी-गाडीने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या महिलेचा बळी घेतला. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत जे निघाले, ते मैलांच्या कुठल्याही बेरजेत दिसले नसते. धडकेच्या ५.६ सेकंद आधी रडारने तिला टिपले होते. पण प्रणाली तिला कधी वाहन, कधी सायकल, कधी नुसतीच ‘इतर वस्तू’ ठरवत राहिली आणि दर बदलाला आधीच्या हालचालीचा माग पुसला गेला. क्रॉसिंग सोडून भलतीकडे पादचारी असू शकतो, हे प्रणालीला शिकवलेलेच नव्हते. ती गाडी व्होल्वोची होती; तिचे मूळचे आपत्कालीन ब्रेक स्वयंचलित प्रणाली चालू असताना बंद ठेवलेले असत. देखरेखीला बसलेली व्यक्ती मोबाइल पाहत होती.

आपल्याकडे दिवाळीच्या खरेदीसाठी पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर उतरलेली गर्दीही क्रॉसिंग शोधत नाही, हे वाचक जाणतातच.

माहिती कोणाच्या हाती असते, हेही तपासावे लागते. ऑक्टोबर २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत क्रूझ कंपनीच्या चालकाविना धावणाऱ्या गाडीने आधीच जखमी झालेल्या महिलेला सुमारे २० फूट फरफटत नेले. कंपनीने सरकारला दिलेल्या पहिल्या अहवालात फरफटीचा उल्लेख नव्हता. म्हणून नोंदी थेट स्वतंत्र यंत्रणेकडे गेल्या पाहिजेत.

तुलना कोणाशी करायची, हे ब्रिटनच्या २०२४ च्या कायद्याने नीट ठरवले आहे: काळजीपूर्वक व सक्षम मानवी चालकाशी. सरासरी चालकाशी नव्हे, कारण सरासरीत दारू पिऊन चालवणाराही धरला जातो.