प्रश्न साठ, विश्वास किती?

कर्नाटकच्या मागासवर्ग आयोगाचे सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षण २२ सप्टेंबर २०२५ रोजी सुरू झाले. ऑक्टोबरमध्ये ते बेंगळुरूत पोहोचले, तेव्हा त्यातील साठ प्रश्नांनी खुद्द उपमुख्यमंत्री डी. के. शिवकुमार वैतागले. कोंबड्या किती, मेंढ्या किती, सोने किती, असले प्रश्न शहरात विचारू नका, असा सल्ला त्यांनी दिला. हा प्रसंग हसण्यावारी नेण्याजोगा नाही. प्रगणक दार ठोठावतो त्याच्या कितीतरी आधी, प्रश्नावलीचा मसुदा ठरतानाच, माहितीची विश्वासार्हता बरीचशी ठरून गेलेली असते.

कर्नाटकाला याची किंमत ठाऊक आहे. २०१५च्या सर्वेक्षणाचा अहवाल २०२४ मध्ये सादर झाला आणि २०२५ मध्ये सरकारने नव्याने गणना करण्याचे ठरवले. त्यातच उच्च न्यायालयाने या सर्वेक्षणातील सहभाग ऐच्छिक राहील आणि माहिती गोपनीय ठेवली जाईल, असे स्पष्ट केले. नागरिकाच्या दृष्टीने हे योग्यच झाले. मात्र ऐच्छिकतेचा एक सांख्यिकी परिणाम असतो. नकार देणारे समाजाच्या सर्व थरांत सारखे विखुरलेले नसतात. बंद फाटकाआडची सदनिका आणि रोजंदारीवर गेलेल्या मजुराचे कुलूपबंद घर, दोन्ही यादीतून गळतात. पण त्यांची कारणे वेगळी आणि त्यांतून उद्भवणारा कलही वेगळा. प्रश्नावली जितकी लांब, तितकी ही गळती मोठी.

महाराष्ट्रालाही हा अनुभव नवा नाही. जानेवारी २०२४ मध्ये राज्य मागासवर्ग आयोगाच्या सर्वेक्षणात दीडशेहून अधिक प्रश्न होते आणि हाती जेमतेम दहा-अकरा दिवस. प्रशासनात असताना माझे एक निरीक्षण पक्के झाले: ज्या रकान्याचा पुढे काही उपयोग होणार नाही, तो क्षेत्रीय कर्मचारी सर्वांत आधी ओळखतो आणि अंदाजाने भरू लागतो. ही सवय मग महत्त्वाच्या रकान्यांपर्यंत पोहोचते.

प्रश्न मोजका असला तरी शब्दयोजना ढिली असेल तर काय होते, हे २०११च्या सामाजिक-आर्थिक व जातनिहाय गणनेने दाखवले. १९३१च्या जनगणनेत देशभरात ४,१४७ जाती नोंदल्या गेल्या होत्या. २०११ मध्ये सुमारे ४६ लाख नावे गोळा झाली. महाराष्ट्रात अधिसूचित जाती ४९४, तर नोंदलेली नावे ४,२८,६७७. जात, पोटजात, कुळ, आडनाव यांची सरमिसळ आणि एकाच नावाची अनेक लेखने यांतून हा ढीग उभा राहिला. केंद्र सरकारने ही माहिती वापरण्याजोगी नसल्याचे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले.

याच बेंगळुरूने चांगला धडाही दिला आहे. सॅम्युएल पॉल यांनी १९९४ मध्ये शहराच्या सार्वजनिक सेवांचे ‘प्रगतिपुस्तक’ प्रसिद्ध केले. मध्यमवर्गीय आणि झोपडपट्टीतील मिळून सुमारे अकराशे कुटुंबांची ती पाहणी. रोख नेमका होता: खात्याशी काम पडले का, किती समाधान झाले, लाच द्यावी लागली का. लोकांना मत नव्हे, अनुभव विचारला होता. १९९९ आणि २००३ मध्ये पाहणी पुन्हा झाली, म्हणून सुधारणा मोजता आली.

आगामी जनगणनेत जात नोंदवण्याचा निर्णय केंद्राने ३० एप्रिल २०२५ रोजी घेतला. संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. त्यासाठी जातींची प्रमाणित, स्थानिक नावांसह सूची हवी, निरनिराळ्या जिल्ह्यांत पूर्वचाचणी हवी आणि काही घरांची स्वतंत्र फेरतपासणी हवी. प्रत्येक प्रश्नापुढे, या उत्तरावर कोणता निर्णय अवलंबून आहे, हे लिहून ठेवावे; ज्यापुढे लिहिण्यासारखे काही नाही, तो प्रश्न गाळावा. आरक्षणाचे वाटप ज्या आकड्यांवर होणार, त्यांवर हरणाऱ्या पक्षाचाही विश्वास बसला पाहिजे. तो बसला नाही, तर दहा वर्षांनी पुन्हा तेच दार ठोठवावे लागेल आणि तेव्हा ते उघडणारे हात आणखी कमी असतील.