चिखलफेक नको, चिखल वाचा!

मागच्या महिन्यात एका कॉलेजची वादविवाद स्पर्धा ऐकायला गेले होते. विषय नेहमीचाच, हवामानबदल. पहिल्या मुलीनं वितळणारा बर्फ, ध्रुवीय अस्वलं, आपल्या पिढीचं भविष्य असं सगळं जीव तोडून मांडलं. मग समोरचा मुलगा उठला आणि शांतपणे म्हणाला, "आर्क्टिकचा बर्फ दहा हजार वर्षांपूर्वीही आटला होता. तेव्हा कुठे होत्या तुमच्या गाड्या आणि कारखाने?" हॉलमध्ये टाळ्या, शिट्ट्या. मुलीला उत्तर सुचेना. बक्षीस अर्थात त्याला.

मला त्या मुलाचा राग आला नाही, कारण त्याचं वाक्य बरंचसं खरं होतं. वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. त्याला विचारायला हवा होता असा साधा प्रश्न हॉलमधल्या एकानेही विचारला नाही: "हे तुला कशावरून माहीत?"

विचारून बघा. उपग्रहांनी ध्रुवावरच्या बर्फाची सलग मोजणी सुरू केली १९७८-७९ मध्ये. म्हणजे आपल्याकडचं नीट रेकॉर्ड आपल्या आईवडिलांच्या वयाएवढं. त्याआधीच्या थोड्या नोंदी व्हेल पकडणाऱ्यांच्या आणि दर्यावर्दी लोकांच्या. मग दहा हजार वर्षांपूर्वीचं कोण सांगणार? हिमनदी जाताना डोंगरावर ओरखडे ठेवून जाते. समुद्राचं पाणी गोठून तयार झालेला सागरी बर्फ मात्र वितळला की पाण्यातच मिसळतो. पुरावा शून्य.

किंवा आपल्याला तसं वाटतं. पुरावा असतो, पण शेकडो-हजारो मीटर खाली, समुद्रतळाच्या गाळात.

सागरी बर्फ वरून पांढराशुभ्र दिसला तरी त्याच्या खालच्या थरात खारट पाण्याच्या बारीक नळ्या असतात. वसंतात ऊन वाढलं की त्या नळ्यांमध्ये डायटम नावाची सूक्ष्म शैवालं वाढतात. त्यातल्या मोजक्या जाती पंचवीस कार्बन अणूंचा एक खास रेणू बनवतात. बर्फ वितळला की ही शैवालं तळाशी जातात आणि तो रेणू गाळात टिकून राहतो, हजारो वर्षं. ब्रिटनमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या सायमन बेल्ट आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये या रेणूला सागरी बर्फाची खूण म्हणून पुढे आणलं आणि नाव दिलं 'आयपी-२५'. जहाजावरून लांब नळी तळात घुसवायची, गाळाचा उभा दंडगोल वर काढायचा, तो उभा चिरायचा, सेंटिमीटर-सेंटिमीटरचे काप करायचे आणि प्रत्येक कापात हा रेणू किती ते मोजायचं. गाळातल्या सूक्ष्म शंखांवरून थराचं वय काढायचं. झाली डायरी तयार.

पण खरी गंमत पुढे आहे, आणि मला वाटतं प्रत्येक कॉलेजात शिकवावी अशी आहे. समजा एका थरात आयपी-२५ सापडलंच नाही. याचा अर्थ काय? "बर्फ नव्हता!" असं आपण लगेच म्हणू. चूक. बर्फ बारा महिने जाडजूड असेल तर खाली ऊनच पोचत नाही, शैवाल वाढत नाही, आणि तेव्हाही उत्तर शून्यच येतं. बर्फ अजिबात नाही तरी शून्य, बर्फच बर्फ तरी शून्य.

होस्टेलची मेस रिकामी दिसली तर दोन शक्यता असतात. एक तर सुट्टी लागलीय, नाही तर आज दुधीची भाजी आहे. नुसत्या रिकाम्या ताटांवरून कळत नाही, बाहेर पार्किंगमध्ये गाड्या आहेत का ते बघावं लागतं. शास्त्रज्ञांनी तेच केलं. मोकळ्या पाण्यात वाढणाऱ्या शैवालांचे रेणूही त्याच कापात मोजायला घेतले. ते भरपूर आणि आयपी-२५ नाही, तर मोकळा समुद्र. दोन्ही नाहीत, तर कायमचा बर्फ. दोन्ही भरपूर, तर बर्फाची कड जवळच. २०११ पासून या जोडमोजणीचा रीतसर निर्देशांक वापरात आहे.

आणि हे सगळं पडताळलं कसं? उदाहरण आइसलँडचं. तिथल्या लोकांनी किनाऱ्याला बर्फ कधी लागला याच्या नोंदी शतकानुशतकं ठेवल्या, कारण मासेमारी आणि गुरांचा चारा दोन्ही त्यावर अवलंबून. आइसलँडच्या उत्तरेकडच्या समुद्रतळातला गेल्या हजार वर्षांचा गाळ या जुन्या नोंदींशी ताडून बघितला गेला, आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात दोघांचा मेळ चांगला बसला. चिखल खोटं बोलत नव्हता.

आता परत त्या टाळ्या घेणाऱ्या वाक्याकडे. हो, दहा हजार वर्षांपूर्वी आर्क्टिकच्या अनेक भागांत उन्हाळी बर्फ कमी होता. पण का? पृथ्वी भोवऱ्यासारखी डुलत फिरते. आज आपण सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असतो. तेव्हा ती वेळ उत्तरेच्या उन्हाळ्यात यायची, शिवाय पृथ्वीचा कलही थोडा जास्त होता. त्यामुळे उत्तर ध्रुवाकडे उन्हाळ्यातलं ऊन आजच्यापेक्षा साधारण आठ टक्के जास्त पडायचं. पुढे ते हळूहळू कमी होत गेलं. ग्रीनलँड आणि स्वालबार्डच्या मधल्या फ्राम सामुद्रधुनीतला गाळ सांगतो की गेल्या आठेक हजार वर्षांत तिथला बर्फ त्याबरोबर वाढत गेला. कारण आणि परिणाम, दोन्ही जागच्या जागी.

या हिशोबानं आज काय व्हायला हवं? बर्फ टिकायला हवा, जमलं तर थोडा वाढायला हवा. प्रत्यक्षात १९७९ च्या सप्टेंबरात सुमारे ७० लाख चौरस किलोमीटर असलेला आर्क्टिकचा बर्फ २०१२ च्या सप्टेंबरात ३४ लाखांवर आला. तो आजवरचा नीचांक आहे. ऊन वाढलेलं नाही. वाढलाय तो कार्बन डायऑक्साइड. उद्योगयुगाआधी हवेच्या दर दहा लाख कणांत त्याचे सुमारे २८० कण होते, आता ४२० च्या वर गेलेत. म्हणजे ज्या चिखलाच्या जोरावर त्या मुलानं बक्षीस नेलं, तोच चिखल पुढे वाचला असता तर त्याचाच मुद्दा उलटला असता. ताप पूर्वीही यायचा, म्हणून आजच्या तापाची टेस्ट करायची नाही का?

पण थांबा. एवढ्यावर आपल्या बाजूनं टाळ्या वाजवू नका. आपणही काही धुतल्या तांदळासारखे नाही. "लाखो वर्षांत पहिल्यांदाच" असं लिहिलेली पोस्ट आपण डोळे झाकून शेअर करतोच ना? मध्य आर्क्टिकमध्ये गाळ इतका सावकाश साचतो की एका सेंटिमीटरमध्ये अनेक शतकं दबलेली असू शकतात. वर तळातले किडे थर ढवळून ठेवतात. अशा थराला एखाद्या विशिष्ट वर्षाचं विचारलं तर तो गप्पच बसणार. उपग्रहाचं एक वर्ष आणि गाळाचं एक शतक यांची थेट तुलना करणं म्हणजे ट्वेन्टी-ट्वेन्टीतला एका ओव्हरचा रनरेट अख्ख्या करिअरच्या सरासरीशी लावण्यासारखं.

शास्त्रज्ञांचंही सगळ्यावर एकमत नाही. सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वीच्या उबदार काळात मध्य आर्क्टिक उन्हाळ्यात मोकळा होता का? २०१७ च्या एका अभ्यासानं रेणूंवरून म्हटलं, तिथे बर्फ होता. २०२३ च्या दुसऱ्या अभ्यासाला गाळात अटलांटिककडच्या, तुलनेनं उबदार पाण्यातल्या सूक्ष्म जीवाचे शंख मोठ्या संख्येनं सापडले आणि त्यानं म्हटलं, उन्हाळ्यात समुद्र मोकळा होत असावा. साक्षीदार दोन, साक्षी दोन. यावर कुणी कुणाला 'विकला गेलेला' म्हटलं नाही. काम चालू आहे, एवढंच.

हा वाद लांबचा नाही. २०२१ च्या आयपीसीसी अहवालानुसार २०५० च्या आत किमान एकदा तरी सप्टेंबरात आर्क्टिक जवळपास बर्फमुक्त होण्याची शक्यता आहे. असे अंदाज देणारी कॉम्प्युटर मॉडेल्स किती भरवशाची, हे तपासायला चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा डेटा पुरत नाही. मॉडेलला जुना काळ दाखवायचा, "तेव्हाचा बर्फ काढून दाखव" म्हणायचं आणि उत्तर गाळाशी ताडायचं, हा त्यातला मोठा आधार. आणि आपल्या गोव्यात, वास्कोला, राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. आर्क्टिकचा बर्फ आणि मान्सूनच्या शेवटच्या टप्प्यातला अतिपाऊस यांचा संबंध असू शकतो, असा अभ्यास तिथल्या संशोधकांनी २०२१ मध्ये मांडला. सप्टेंबरात आपल्या शेतात उभं पीक असतं, हे वेगळं सांगायला नको. भूगर्भशास्त्र, रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्यांनी "यात पुढे स्कोप काय?" असं विचारण्याआधी एकदा वास्कोच्या दिशेनं बघायला हरकत नाही.

बाकीच्यांनी नळी घेऊन समुद्रात जायची गरज नाही. फक्त त्या नळीमागची सवय उचलायची. समोरच्याचं वाक्य कितीही टाळीबाज असू दे, आपल्या बाजूचं असू दे नाही तर विरुद्ध, विचारायचं: कशावरून? शून्याचे दोन अर्थ निघतात का? दुसरा साक्षीदार कोण?

पुढच्या स्पर्धेत त्या मुलीनं हे तीन प्रश्न विचारावेत, एवढीच इच्छा आहे. आणि त्या मुलानंही. हुशार आहे तो. चिखलाचं अर्धं पान वाचून बक्षीस नेलं, पूर्ण वाचलं तर कुठे जाईल!