छपराचें पाणी आणि गांवचा ओढा

कृष्णेस पूर आला म्हणजे सर्वांचे डोळे सांगलीच्या आयर्विन पुलाकडे लागतात. २०१९ च्या ऑगस्टांत तेथें पाणी ५७ फुटांवर गेलें; ४५ फुटांची धोक्याची खूण केव्हांच बुडाली होती. अशा पुराचा बंदोबस्त एकट्या शेतकऱ्याच्या हातचा नव्हे. परंतु नदी पात्रांत असतांनाही ज्या घरांच्या भिंती खचतात, त्यांचा दोष नदीस देणें आम्हांस पटत नाहीं. तें पाणी आपल्याच छपराचें आणि अंगणाचें असतें.

हिशेब पाहा. हजार चौरस फूट छपरावर एक इंच पाऊस पडला कीं सुमारें २,३६० लिटर पाणी खालीं येतें. २०२१ च्या जुलैंत महाबळेश्वरीं एका अहोरात्रांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या मानानें एवढ्याच छपराचें पाणी पंचावन्न हजार लिटर होतें. शेतांत तालीसाठीं कष्ट उपसणारा गृहस्थ घराच्या पागोळ्या मात्र थेट जोत्याच्या मुळाशीं पडूं देतो, हें नवल होय.

पन्हळ लावून तें पाणी दूर न्यावें, अंगणास बाहेर उतार द्यावा, वाटेंत उकिरडा व आड टाळावा. पुढें काय, हें जमीन पाहून ठरवावें. शोषखड्डा हा सरसकट उपाय नव्हे. माण-खटावच्या मुरमाड जमिनींत तो पाणी पितो. मिरज-वाळव्याकडील नदीकांठच्या काळ्या जमिनींत भर पावसांत तुडुंब राहतो, आणि जोत्याजवळ असल्यास भिंतीसच ओल देतो. तेथें उघड्या चरानें पाणी ओढ्यास लावणें बरें. पाटण-जावळीच्या उतारावर धोका मागल्या बाजूनें येतो. घरासाठीं डोंगर उभा कापूं नये; वरचें पाणी चरानें बाजूस वळवावें. तथापि डोंगरास भेगा दिसल्या तर चरावर भरवसा न ठेवतां घर सोडावें. २०२१ च्या जुलैंतच पाटण तालुक्यांत आंबेघर येथें दरड घरांवर आली, हें विसरण्यासारखें नाहीं.

आपला चर शेजाऱ्याच्या अंगणांत सोडणारे महाभाग गांवोगांव आहेत; त्यांच्याविषयीं न बोललेलें बरें. खरी अडचण ओढ्याची आहे. उसाच्या दोन सऱ्या वाढाव्या म्हणून आपल्यांपैकीं कित्येकांनीं तो दोहों अंगांनीं पोटांत घातला आहे. मग चर कितीही चांगला खोदला तरी पाणी जावें कोठें? पुढील मृग निघण्यापूर्वीं ओढ्याकांठच्या सर्व खातेदारांनीं गांवच्या नकाशावरून त्याची मूळ रुंदी मोजावी, आणि ज्याचा बांध आंत आला असेल त्यानें तो आपण होऊन मागें घ्यावा.