शाळा संपली, शिक्षण का संपावे?

जून-जुलै आला की फर्ग्युसन रस्ता, कर्वे रस्ता, टिळक रस्ता तरुण मुलामुलींनी फुलून जातो. प्रवेशाच्या याद्या, नवी बॅग, बसचा पास, पहिल्या दिवसाची धाकधूक. याच शहरातल्या काही घरांत त्या सुमारास नेमके उलटे घडते. विशेष शाळेत जाणारा मुलगा अठरा वर्षांचा होतो, शाळेचा निरोप घेतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला कुठेच जायचे नसते. धाकटी बहीण कॉलेजला निघताना तो विचारतो, ‘मी कधी?’ या प्रश्नाचे उत्तर घरात कोणाकडेच नसते.

बौद्धिक अक्षमता हा आजार नव्हे. बुद्ध्यांक साधारण ७० च्या खाली असणे आणि रोजच्या व्यवहारात मदत लागणे, या दोन्ही गोष्टी वाढीच्या वयातच दिसू लागल्या, तर हे निदान होते. अशांपैकी सुमारे ८५ टक्के व्यक्तींची अक्षमता सौम्य असते. त्यांना शिकता येते, पण वेळ जास्त लागतो आणि तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करावी लागते. नियोजन, संयम, निर्णय यांच्याशी संबंधित असलेला मेंदूचा पुढचा भाग तर सर्वांमध्येच पंचविशीपर्यंत घडत असतो. म्हणजे ज्यांना शिकायला अधिक वर्षे हवीत, त्यांचेच शिक्षण आपण सर्वांत आधी थांबवतो.

त्याची किंमत शरीर आणि मन दोन्ही मोजतात. शाळा सुटल्यावर वर्षभरात वजन वाढते, रात्रीची झोप बिघडते, चिडचिड वाढते, बोलणे कमी होते. पालकांना वाटते, मूळ दोषच बळावला. अशा वेळी तपासणी हवीच. विशेषतः डाऊन सिंड्रोममध्ये थायरॉईडचा त्रास वारंवार आढळतो आणि नैराश्यही नजरेतून सुटते. परंतु सगळ्या तपासण्या ठीक आल्या, तर दिवसाचे वेळापत्रकही विचारावे. सकाळी अकरापासून रात्रीपर्यंत टीव्ही, मोबाईल आणि एकटेपणा, एवढेच त्यात असेल तर औषधाची चिठ्ठी फारशी उपयोगाची नाही.

कायदा काय म्हणतो? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. पण त्या जागेपर्यंत पोहोचायला बारावी उत्तीर्ण व्हावे लागते आणि बौद्धिक अक्षमता असलेली बहुतेक मुले तिथेच अडतात. आरक्षण आहे, पण दारापर्यंतचा रस्ता नाही. याच कायद्यात प्रौढ शिक्षण आणि निरंतर शिक्षणात दिव्यांगांना इतरांच्या बरोबरीने सामावून घेण्याची जबाबदारीही सरकारवर टाकली आहे. त्या तरतुदीची आठवण मात्र क्वचितच कोणी काढतो.

पुण्याला या कामाची परंपरा आहे. ‘कामायनी’ने १९६४ पासून विशेष शिक्षण दिले आणि पुढे उद्योग केंद्रही उभे केले. अशा कार्यशाळा हव्यातच, त्या वाढायलाही हव्यात. मात्र तिथे भेटणारे सोबतीही तशाच अडचणी असलेले असतात. बरोबरीच्या वयाच्या इतर तरुणांशी ओळख, थट्टामस्करी, कँटीनमधला चहा हे तिथे मिळत नाही.

कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाने १९८७ मध्ये अशा तरुणांना नियमित वर्गांत बसवायला सुरुवात केली. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये त्यांच्यासाठी दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. अमेरिकेत २००८ च्या कायद्याने अशा विद्यार्थ्यांना सरकारी अर्थसाहाय्य खुले झाले आणि आज तिथल्या तीनशेहून अधिक महाविद्यालयांत असे कार्यक्रम चालतात. तिथून बाहेर पडणाऱ्यांना नोकरी मिळण्याचे प्रमाण इतर बौद्धिक दिव्यांगांपेक्षा बरेच जास्त दिसते. प्रवेश घेणारी मुले मुळात थोडी अधिक सक्षम असतात, हे यात लक्षात ठेवले पाहिजे. तरीही दिशा स्पष्ट आहे.

इथे पदवीची गुणवत्ता पातळ करा, असे कोणी म्हणत नाही. महाविद्यालये प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालवतातच. त्यातलाच एक, दोन वर्षांचा, दहा-बारा विद्यार्थ्यांचा असू शकतो. आठवड्यातून काही तास संगीत, चित्रकला, नाट्य किंवा संगणकाच्या नेहमीच्या वर्गात परीक्षेशिवाय बसणे. उरलेल्या वेळात पैशांचा व्यवहार, पीएमपीच्या बसने एकट्याने येणे-जाणे, स्वतःची औषधे वेळेवर घेणे, नको तिथे ‘नाही’ म्हणणे. आणि दुसऱ्या वर्षी ग्रंथालयात किंवा कार्यालयात प्रत्यक्ष काम. एक विशेष शिक्षक आणि राष्ट्रीय सेवा योजनेतले सोबती विद्यार्थी एवढ्यावर सुरुवात करता येईल.

पालकांची भीती खरी आहे. कोणी चिडवले तर? फसवले तर? विशेषतः मुलींच्या बाबतीत ही काळजी झोप उडवणारी असते. म्हणूनच जबाबदार व्यक्ती नेमलेली हवी, तक्रार कुठे करायची हे विद्यार्थ्याला सोप्या भाषेत शिकवलेले हवे. पण घरात कोंडून ठेवणे म्हणजे सुरक्षितता नव्हे. ज्याला चार माणसे ओळखतात, ज्याला आपली तक्रार सांगता येते, तो अधिक सुरक्षित असतो.

‘आमच्यानंतर याचे काय?’ हा प्रश्न प्रत्येक पालक डॉक्टरांना कधी ना कधी विचारतो. त्याचे उत्तर औषधात नाही. वीस ते पंचवीस या वयात तो किती गोष्टी स्वतः करायला शिकतो आणि किती माणसे जोडतो, यावर ते बरेचसे अवलंबून आहे. विद्येचे माहेरघर म्हणवणाऱ्या शहरातील दोन-तीन स्वायत्त महाविद्यालयांनी येत्या जूनमध्ये दहा-दहा जागांनी सुरुवात केली, तरी ‘मी कधी?’ या प्रश्नाला काही घरांत उत्तर मिळेल.